पन्नाशीची आलमारी

पन्नाशीच्या आसपास बहुतेक घरांतली आलमारी गच्च भरलेली असते आणि तरीही बाहेर पडताना हाताला तेच चार-पाच कपडे लागतात. बाकीचे वर्षानुवर्षे घडीतच राहतात. यावर सल्ले दोन मिळतात. दुकानदार म्हणतो, आता वयाला साजेसं काही नवीन घ्या. मोबाईलवरचे सल्लागार म्हणतात, अर्धी आलमारी रिकामी करा, मन हलकं होईल. दोन्ही सल्ले मला अपुरे वाटतात, कारण दोन्हींचा हिशेब कपड्यांच्या संख्येचा आहे आणि अडचण संख्येची नसते. आलमारी भरली गेली ती तेव्हाच्या शरीरासाठी, तेव्हाच्या दिनक्रमासाठी आणि बऱ्याच अंशी इतरांच्या मर्जीसाठी. मध्यम वयात या तिन्ही गोष्टी बदलतात, आलमारी मात्र होती तिथेच राहते. तिला पुन्हा आपल्या मापात आणायचं तर दुकानाच्या आधी शिंप्याकडे जावं लागतं आणि शिंप्याच्याही आधी आपले आजचे दिवस कसे जातात हे पाहावं लागतं.

हे म्हणणं तपासायला पुण्या-मुंबईपेक्षा छत्तीसगडातलं अहिवारा बरं. भिलाईच्या उत्तरेला, जामुलच्या सिमेंट कारखान्यापलीकडे हे छोटं शहर आहे. शेजारच्या नंदिनी खाणीतला चुनखडक भिलाईच्या पोलाद कारखान्याला जातो. तिथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि तेव्हापासून हा सारा पट्टा पाळ्या, पगार आणि निवृत्ती यांच्या तालावर जगत आला आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता, त्यामुळे रायपूर-दुर्गकडे मराठी वस्ती जुनी. पुढे रेल्वे, कारखाना, शाळा, बँका यांनी विदर्भातून आणखी माणसं आणली. मे महिन्यात इथे पारा ४४ अंशांच्या घरात जातो, नंतरचे चार महिने दमट असतात आणि खाणीची, सिमेंटची, रस्त्याची धूळ बाराही महिने. कपड्यांवरचे छापील सल्ले यातलं काहीच धरून चालत नाहीत. मोजक्या, एकमेकांशी जुळणाऱ्या कपड्यांची कल्पना १९७० च्या दशकात लंडनमधल्या सूझी फो या दुकानदार बाईंनी मांडली आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी ‘सात कपडे पुरेत’ अशा थाटात ती बाजारात गाजवली. कल्पना चांगलीच आहे. पण तिच्यातला कोट आणि लोकरी घागरा थंड हवेतल्या, ऑफिसात जाणाऱ्या बाईचा आहे. अहिवाऱ्याच्या बाजारात भाजी घ्यायला निघालेल्या बाईला त्यातलं फक्त तत्त्व उपयोगी पडेल, यादी नाही.

आधी आलमारी भरते कशी ते पाहू. मराठी घरात कपडे विकत घेतले जातात त्याहून जास्त येतात. लग्नाचा बस्ता, आहेर, मानपान, बारशाची साडी, वास्तुशांतीची साडी, भाऊबीज. या भागातली माणसं मोठ्या बस्त्यासाठी रायपूरच्या पंडरी बाजारात जातात, हौस असली तर रेल्वेने नागपूर गाठून इतवारीत. पन्नाशीतल्या बाईच्या आलमारीतल्या साड्यांपैकी तिने स्वतः दुकानात उभं राहून, अंगाला लावून, आरशात पाहून घेतलेल्या किती, हे मोजलं तर आकडा फार मोठा निघणार नाही. बाकीच्या कुणाच्या तरी पसंतीच्या, कुणाच्या तरी बजेटच्या, काही तर आधीच एका घरातून दुसऱ्या घरात फिरून आलेल्या. पुरुषांची कथा वेगळी नाही. त्यांच्या खणात शर्टपीस-पँटपीसचे न उघडलेले खोके असतात. जावयाला, व्याह्याला, निवृत्तीच्या समारंभाला मिळालेले. त्यांचं कापड बहुतेक टेरिकॉटचं, म्हणजे नेमकं या हवेत अंगावर नकोसं होणारं. नात्यांचा मान राखायला या देवाणघेवाणीचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. मात्र जे नात्याच्या हिशेबात आलं ते आपल्या आवडीचं म्हणून जपत राहणं ही गफलत आहे, आणि आलमारी भरलेली असूनही घालायला काही नाही असं वाटतं त्याचं मोठं कारण इथेच आहे.

दुसरं कारण शिवणीत आहे. नऊवारी, पाचवारी, धोतर, छत्तीसगडी लुगरा ही सगळी न शिवलेली वस्त्रं. कंबर चार इंचांनी वाढली तर निऱ्या दोन कमी होतात, एवढंच. बाळंतपण, चाळिशी, म्हातारपण या सगळ्यांतून तेच लुगडं चालत असे. वयानुसार शरीर बदललं म्हणून कपडे बाद होणं ही शिवलेल्या कपड्यांबरोबर आलेली अडचण आहे. आजही साडी बाद होत नाही, बाद होतो तो ब्लाऊज. तीस साड्या पडून असतील तर त्यातल्या बऱ्याचशा साडीमुळे पडून नसतात. त्यांच्या सोबतचा ब्लाऊज दहा वर्षांपूर्वीच्या मापाचा असतो, मुंढ्यात कापतो किंवा पाठीवर लागत नाही. आणि प्रत्येक साडीला तिच्याच काठाचा, तिच्याच पीसमधला ब्लाऊज हवा असा एक अलिखित नियम आपण करून ठेवलेला असल्याने दुसरा ब्लाऊज चालत नाही. हा नियम जुना मुळीच नाही. खणाची चोळी कुठल्याही लुगड्यावर घातली जात असे. तेव्हा काळा, मधाळ रंगाचा, गर्द मरून असे तीन-चार ब्लाऊज आजच्या मापाने, चांगल्या सुती कापडाचे, अस्तर लावून शिवून घेतले तर अर्ध्याहून जास्त साड्या घडीतून बाहेर येऊ शकतात. नव्या एका साडीपेक्षा हा खर्च बहुधा कमीच भरेल.

शरीराबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं, कारण इथे लाजेपोटी बरेच कपडे चुकीचे घेतले जातात. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याआधीच्या आणि नंतरच्या काही वर्षांत अंगातून एकदम गरम वाफा येणं, रात्री घाम फुटणं हे अनेकींना होतं. चरबीची जागा बदलते, मांड्या-नितंबांकडून ती पोटाकडे येते. म्हणजे वजनाचा काटा न हलताही कमरेचं माप हलतं. पुरुषांचंही पोट सुटतं. दक्षिण आशियाई लोकांसाठी डॉक्टर कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर धरतात, त्यामुळे पँट घट्ट होणं ही शिंप्याइतकीच डॉक्टरांच्याही कानावर घालण्याची गोष्ट आहे. चाळिशीनंतर दर दशकात उंची साधारण एक सेंटीमीटरने घटते, खांदे किंचित पुढे येतात, पाऊल पसरतं. यातली प्रत्येक गोष्ट कपड्यावर उमटते. शर्ट मागे उचलला जातो, कुर्त्याची पुढची बाजू लोंबते, चपलेचा नेहमीचा नंबर लागत नाही. ‘आता काहीच शोभत नाही’ असं ज्याला आपण म्हणतो ते पुष्कळदा दोन इंचांचं प्रकरण असतं. रेडिमेड कपड्यांकडून या बाबतीत फार आशा नाही. भारतीय शरीरांची स्वतःची मापपट्टीच आपल्याकडे नव्हती, कंपन्या परदेशी तक्ते थोडे फिरवून वापरत आल्या. म्हणून तर ‘निफ्ट’ या संस्थेने ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला: सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची. ते चांगलंच झालं, पण पन्नाशीतल्या एका माणसाचं नेमकं माप घ्यायला गल्लीतला शिंपी पुरेसा आहे.

अहिवारा, जामुल, सुपेला इथे शिंपी अजून टिकून आहेत. मोठ्या शहरांत कपडा दुरुस्त करून देणारा शोधावा लागतो, इथे तो चौकात बसलेला असतो. पण त्याच्याकडे न्यायचं काय आणि नाही काय, हे ठाऊक हवं. शिवून घेतलेल्या ब्लाऊजमध्ये आणि पँटमध्ये आतून माया सोडलेली असते. ब्लाऊजच्या दोन्ही कुशीत इंच-दीड इंच, पँटच्या मागच्या शिवणीत तेवढीच. ती उसवून कपडा सैल होतो. रेडिमेडमध्ये कापड वाचवण्यासाठी माया जेमतेम ठेवतात, तिथे शिंप्यालाही फारसं काही करता येत नाही. मुंढा मोठा करता येतो, बाही कापता येते, उंची कमी करता येते, कुशीत वेगळ्या कापडाची पट्टी जोडता येते आणि ती नीट जोडली तर मुद्दाम केल्यासारखी दिसते. खांदा मात्र दुरुस्त होत नाही. खांद्यातच सैल किंवा घट्ट असलेला शर्ट, कुर्ता, कोट यांवर पैसे घालू नयेत. विरलेल्या सुती साडीचा कुर्ता होतो, काठ फाटलेल्या रेशमी साडीच्या पदराची ओढणी होते, ढगळ झालेल्या पूर्ण बाहीच्या शर्टाचा अर्ध्या बाहीचा बुशशर्ट होतो, आणि या उन्हात तो अधिक घातला जातो. शिंप्याला सगळ्यांत उपयोगी सूचना असते ती ‘असंच आणखी एक शिवा’. रोज हाताला लागणारे जे चार कपडे आहेत त्यात काहीतरी जमून आलेलं असतं, गळ्याचा आकार, बाहीची लांबी, खिशाची जागा. तोच नमुना शिंप्यापुढे ठेवणं हे नवी फॅशन शोधण्यापेक्षा खात्रीचं आहे. तक्रारीच्या सुरात आपण म्हणतो की सारखं तेच घालतो. माझ्या मते आपली खरी आवड तिथेच कळते.

आता दिवसांकडे येऊ. नोकरीत असताना आठवड्याचे सहा दिवस कपडे कारखान्याने, शाळेने, बँकेने ठरवलेले असतात. साठी आली की ते सहा दिवस एकदम रिकामे होतात, पण आलमारीतल्या फिक्या निळ्या, करड्या शर्टांची रांग तशीच. दिवस जातात कशात? सकाळचं फिरणं, बँक-दवाखाना, भाजी, नातवंडं, देऊळ, महिन्यातून एखादं लग्न. स्त्रियांच्या बाबतीत हा बदल मुलं बाहेरगावी गेली की आधीच होतो. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी भारी कपड्याचे दिवस वीस-पंचवीस भरले तरी खूप, आणि आलमारीतली निम्मी जागा, पैशांच्या हिशेबात तर बरीच जास्त, त्या वीस दिवसांसाठी अडलेली. चार हजारांची साडी दोनदा नेसली तर दर वेळचे दोन हजार झाले, आठशेचा सुती कुर्ता ऐंशी वेळा घातला तर दर वेळचे दहा. तरी आपण कुर्ता घेताना घासाघीस करतो आणि साडी घेताना नाही. रोजच्या कपड्यावर जास्त आणि प्रसंगाच्या कपड्यावर कमी खर्च करावा, हे म्हणायला सोपं वाटतं, पण आपला सगळा व्यवहार याच्या उलट चाललेला असतो.

इथे पहिला आक्षेप येतो: पैसे घातलेत, ते असे कसे सोडायचे? आणि प्रत्येक कपड्याला आठवण चिकटलेली असते त्याचं काय? पहिल्या अर्ध्या भागाला अर्थशास्त्रात उत्तर आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना कॉफीचे मग दिले आणि किती पैशाला विकाल असं विचारलं. मग नसलेले लोक जेवढे द्यायला तयार होते त्याच्या दुप्पटीच्या आसपास यांनी मागितले. वस्तू ताब्यात आली की तिची किंमत आपल्या लेखी आपोआप चढते. म्हणून ‘हे ठेवू का?’ हा प्रश्न फसवा आहे, उत्तर नेहमी हो असंच येतं. आज हे दुकानात दिसलं असतं तर घेतलं असतं का, असं विचारलं की उत्तर बदलतं. आठवणीचं मात्र मी वेगळं मानतो. लग्नाचा शालू, आईची इरकली, वडिलांचा जुना कोट यांना उपयोगाची कसोटी लावणं हा कोरडेपणा झाला. फक्त त्यांची जागा रोजच्या फळीवर नको. त्यांना वेगळी पेटी द्यावी आणि मग खरोखर जपावं: मलमलीत गुंडाळून, वर्षातून दोनदा घडी बदलून, कारण रेशीम आणि जर मोडतात ती सतत एकाच घडीवर, पावसाळा संपल्यावर सावलीत वारा देऊन, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू न देता. ‘आठवण’ म्हणून ठेवलेल्या वस्तूंची आपण बहुधा याच्या पाव हिश्शानेही काळजी घेत नाही. तेव्हा त्यातल्या सगळ्याच आठवणी असतात, यावर थोडी शंका घ्यायला जागा आहे.

दुसरा आक्षेप वयाचा. या वयात हे रंग, हे नवे प्रकार कशाला? लोक काय म्हणतील? या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास काही गोड नाही. एकेकाळी महाराष्ट्रातल्या ब्राह्मण विधवेचं केशवपन करून तिला आलवण नेसायला लावत, वय विशीचं असो की साठीचं. ती प्रथा गेली तरी नवरा वारला की बाईने भडक नेसू नये, कुंकू लावू नये, बांगड्या भरू नयेत हे उरलंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला तेव्हा कुठे त्यावर उघड चर्चा झाली आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ‘वयाला शोभेल असं’ या सौम्य सूचनेचं मूळ पुष्कळदा याच कडक नियमांत आहे. ती कुणी दिली की देणारा कोण आणि त्यात त्याचा काय हिशेब आहे, हे पाहावं. याचा अर्थ पन्नाशीत विशीतल्या मुलासारखं दिसण्याचा आटापिटा करावा असा नाही. तोही दुसऱ्याच्याच नजरेचा गुलाम. मध्यम वयात पोशाख बदलण्याचं आपल्या देशातलं सगळ्यांत ठळक उदाहरण गांधीजींचं. लंडनमधला बॅरिस्टरी सूट, १९१५ मध्ये परतल्यावर काठियावाडी अंगरखा आणि पागोटं, असा प्रवास करत २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत त्यांनी फक्त पंचा नेसायचं ठरवलं तेव्हा ते बावन्न वर्षं पूर्ण करण्याच्या उंबरठ्यावर होते. त्यांचं कारण राजकीय होतं आणि ते आपल्याला लागू करण्यात अर्थ नाही. पण या वयात माणूस स्वतःच्या विचाराने पोशाख ठरवू शकतो आणि लोकांची नजर हळूहळू त्याला सरावते, एवढं त्यातून घेता येतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. साधी राहणी हा मराठी मध्यमवर्गाचा अभिमान आहे आणि कपड्यांवर इतका विचार करणं म्हणजे चोचले, असं तो मानतो. खरं तर साधेपणाला विचार जास्त लागतो. ज्याच्याकडे साठ शर्ट आहेत आणि घालायला चारच, तो साधा राहत नाही, त्याने छप्पन्न शर्टांचा पसारा सांभाळलेला असतो. कपड्याने माणूस बदलतो असा दावाही मी करणार नाही. २०१२ मध्ये अॅडम आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी दाखवलं होतं की डॉक्टरचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातला तर लक्ष अधिक एकाग्र होतं. त्यावर पुष्कळ लेख निघाले, पण पुढे त्याच प्रयोगाची फेरतपासणी झाली तेव्हा तो परिणाम दिसला नाही. तेव्हा आत्मविश्वास वगैरे राहू द्या. काखेत न कापणारा ब्लाऊज आणि श्वास घेऊ देणारी पँट यांच्यासाठी मानसशास्त्राचा दाखला कशाला हवा? आणि हे श्रीमंतांचं खूळ आहे म्हणाल, तर कपडा उसवून पुन्हा शिवण्याची, उलटून वापरण्याची, रफू करण्याची कला गरिबांच्या घरातच जिवंत राहिली. २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा किती वेळा घातला जातो हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घसरलं. एका सुती शर्टामागे कापसाच्या शेतापासून साधारण २,७०० लिटर पाणी खर्च होतं. चोचले कुठले आणि काटकसर कुठली, ते हे आकडे पुढे ठेवून ठरवावं.

कापडाच्या बाबतीत छत्तीसगडात राहणाऱ्याचं एक भाग्य आहे. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या चांपा भागात कोसा विणला जातो. अर्जुन आणि साजा, म्हणजे आपला ऐन, या झाडांवरच्या किड्यांच्या कोशांपासून काढलेलं हे टसर. भंडाऱ्याची करवतकाठीही याच जातीच्या रेशमाची, त्यामुळे वैदर्भीय डोळ्याला हा पोत परका नाही. कोशाचा मूळ रंगच मधासारखा असतो, न रंगवताही तो सुंदर दिसतो, पिकलेल्या केसांना आणि सावळ्या कांतीला शोभतो. उन्हात गरम होत नाही, थंडीत ऊब देतो. बस्त्यातल्या तीन चकचकीत साड्यांऐवजी एक कोशाची साडी किंवा पुरुषाला एक कोशाचं जाकीट घेतलं तर वर्षातल्या त्या वीस-पंचवीस प्रसंगांपैकी बहुतेक निभावतात. आहेर देणाऱ्या जवळच्या माणसांना आपली पसंती आणि आजचं माप आधी सांगून ठेवण्यातही काही गैर नाही. आपल्याकडे ते उगाच असभ्य मानतात.

उरलेल्या कपड्यांचं काय, हा प्रश्न शेवटचा असला तरी किरकोळ नाही. महाराष्ट्रात बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचं भांडं देते, इकडेही भांडीवाल्या फिरतात. मऊ झालेल्या सुती साड्यांची कथरी, म्हणजे गोधडी, शिवणारे हात या भागात अजून आहेत आणि कृत्रिम धाग्याच्या साडीची कथरी निरुपयोगी, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. देऊन टाकायचं तर धुऊन, बटणं लावून, चेन दुरुस्त करून द्यावं. फाटकं दान घेणाऱ्याचा अपमान असतो. आणि हे सगळं दिवाळीच्या साफसफाईत काढू नये. तेव्हा बोनस हातात असतो, बाजार सजलेला असतो आणि रिकामी झालेली फळी आठवड्यात पुन्हा भरते. मार्चअखेर, स्वेटर-शाली पेटीत जाताना आणि उन्हाळ्याचे सुती कपडे वर येताना, हा खरा काळ. प्रत्येक कपडा तेव्हा घालून पाहावा, शिंप्याची गाठोडी वेगळी बांधावी, आणि मगच लागेल त्याची यादी करावी. ती बहुतेक वेळा तीन-चार ओळींची होते, आणि त्यातल्या दोन ओळी बनियन आणि परकर अशा निघतात.